तोडलेल्या तारेचा दिवा

त्या दिवसापर्यंत मी पोखर्णीला गेलो, तरी नरसिंहाच्या देवळात शिरत नसे. आक्का आत दर्शनाला जाई आणि मी बाहेर तिच्या चपलांजवळ उभा राही. आक्का माझी थोरली बहीण, पोखर्णीलाच दिलेली. आई लवकर गेली, म्हणून तिनंच मला वाढवलं. तिच्या श्रद्धेला मी कधी हसलो नाही. पण मनातून मला वाटे, जगात प्रत्येक गोष्टीला कारण असतं, फक्त शोधणारा पाहिजे. माझा धंदाच तसा. परभणीत मोटारींच्या वायरिंगचं माझं छोटं दुकान होतं. दिवा का लागत नाही, हॉर्न का वाजत नाही, हे तार धरून शोधत गेलं की कुठेतरी कारण सापडायचंच.

त्या सुमारास मी एक जुनी मोटार घेतली, तीन मालकांच्या हातून आलेली. तिच्यात स्टिअरिंगच्या मागे ऑइलचा लाल दिवा होता. इंजिनात ऑइलचा दाब कमी झाला की तो लागतो, आणि लागला की गाडी तिथल्या तिथे थांबवायची, नाहीतर इंजिन जाम होतं. माझ्या गाडीत मात्र इंजिन तापलं की तो उगाच लुकलुकायचा. मी ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली, ऑइल पुरेसं होतं. इंजिनावरचा त्या दिव्याचा स्विच बदलला. ऑइलही नवं भरलं आणि जुनं ऑइल सोडायचा इंजिनाखालचा बोल्ट माझ्या हातानं आवळला. तरी लुकलुकणं थांबेना. शेवटी वैतागून मी स्विचवरची तार काढली, टोकाला टेप गुंडाळला आणि ती बाजूला सोडून दिली. दिवा गप्प झाला. आपल्याला कारण सापडलं नाही, हे मात्र मी कुणाला बोललो नाही.

दोन दिवसांनी आक्काला भेटायला पोखर्णीला गेलो, मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा दमा उसळला. तसा तो नेहमीचाच होता, पण त्या दिवशी तिला एक शब्द बोलवेना, ओठ काळेनिळे पडले. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीचे दिवस होते. बंद असल्यामुळे एसटी नव्हती, रस्त्यावर माणूस नव्हता. आक्काला मी पुढच्या सीटवर बसवलं, तिची सून कमल मागे बसून तिची पाठ चोळू लागली, आणि आम्ही परभणीच्या दवाखान्याकडे निघालो.

निम्मा रस्ता झाला असेल. आक्काच्या छातीतली घरघर मला इंजिनापेक्षा मोठी ऐकू येत होती. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि आक्कानं हात उचलून समोर बोट दाखवलं. मी पाहिलं. लाल दिवा लागला होता. लुकलुकत नव्हता, लख्ख लागला होता.

ज्याची तार मी काढून टाकली, तो दिवा लागेल कसा?

"आक्का, त्याला काई अर्थ न्हाई. तार काढलेली हाय त्याची," मी म्हणालो आणि गाडी तशीच पुढे घेतली.

तिनं मान हलवली. माझ्या दंडावर हात ठेवला आणि सगळा जीव गोळा करून एकच शब्द बोलली, "थांब."

तिचं मन मोडवेना म्हणून मी थांबलो. बॉनेट उघडलं. टेप उष्णतेनं सुटला होता आणि तारेचं उघडं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकलं होतं. तेवढ्यानं दिवा लागतो. मला हायसं वाटलं. कारण सापडलं होतं, दिवा खोटा होता. मी बॉनेट लावायला हात घातला, तेवढ्यात शेजारच्या विहिरीवरून एक शेतकरी आला.

"भाऊ, गाडीखाली ते काय गळायलंय?"

मी वाकून पाहिलं. मी स्वतः आवळलेला बोल्ट शेवटच्या आट्यावर लोंबत होता आणि त्यातून काळं ऑइल ठिबकत होतं. पट्टी काढली, ती जवळजवळ कोरडी. अजून थोडं पुढे गेलो असतो, तर इंजिन जाम झालं असतं, आणि त्या ओसाड रस्त्यावर आक्का माझ्या डोळ्यांदेखत गेली असती. मी रिकाम्या रस्त्याकडे दोन्ही बाजूंना पाहिलं.

"घाबरू नगा," तो म्हणाला. सोपानराव त्याचं नाव, पिंगळीकडचा. "विहिरीवर माझं पाण्याचं इंजिन हाय. त्याचं ऑइल हाय डब्यात. तुमी बोल्ट आवळा, मी आणतो."

तापलेल्या बोल्टानं बोटं भाजली, पण मी तो आवळला. सोपानरावानं डबा ओतला. मी गाडी सुरू केली. इंजिन नीट चालू झालं. त्यानं खिडकीतून आक्काला हात जोडले, "माय, बऱ्या व्हताल बघा." दवाखान्यात आक्काला ऑक्सिजनची नळी लावली. दुपारी तिनं डोळे उघडले आणि आधी कमल जेवली का, ते विचारलं.

तार लोखंडाला कशी टेकली, हे मी आजही कागदावर काढून दाखवू शकतो. खोटा दिवा खऱ्या वेळेला का लागला, तोही जिथे ऑइलचा भरला डबा होता त्या विहिरीजवळ, तिथे माझी विद्या संपते. फार वर्षं मी त्याचं उत्तर शोधत राहिलो. मग शोधणं आपोआप सुटलं आणि मन हलकं झालं.

आक्का त्यानंतर पुष्कळ जगली. मी अजून दुकानात बसतो. काम आलं की पूर्वीसारखंच सगळं तपासतो, बोल्ट तर दोनदा आवळतो. शेवटी गाडीवर हात ठेवून मनात म्हणतो, "नरसिंहा, मला दिसलं तेवढं मी केलं. नाही दिसलं ते तू बघ." मग निवांत मनानं किल्ली मालकाच्या हातात देतो.