गुरूच्या पुढे, गुरूच्या मागे

गुरू सिंह राशीत येणार, कुंभमेळा भरणार म्हणून अख्खं नाशिक खणून ठेवलंय. आज घाटाजवळच्या मैदानात पार्किंगच्या रेघा मारत होते. चुन्याच्या फक्कीचा कोरडा वास नाकात गेला आणि मी एकदम सातवीत पोचले.

बाईंनी शाळेच्या मैदानात फक्कीचं मोठं वर्तुळ आखलं होतं. मधली बादली म्हणजे सूर्य, उंच सुषमा म्हणजे गुरू. त्याच्याच वाटेवरून फिरणारे लघुग्रह आम्ही. अर्ध्या मुली बऱ्याच पुढे, अर्ध्या तेवढ्याच मागे. वैशाली पुढच्यांत, मी मागच्यांत. तिच्या वडिलांची इगतपुरीला बदली झालेली, तिचा तो शाळेतला शेवटचा दिवस. आमचं भांडण अजून मिटलं नव्हतं. तळपाय भाजत होते. वैशालीला गाठायला मी सुषमाला ओलांडून धावले.

"अगं, गुरूच्या पुढे कुठे चाललीस? मागे हो! सगळ्यांनी सारख्या वेगानं चालायचं," बाई ओरडल्या.

घंटा झाली. वैशाली रिक्षात बसून गेली.

आज त्या पांढऱ्या रेघा बघताना सुचलं, ते वर्तुळ होतं. मी नुसती उभी राहिले असते, तरी ती फिरून माझ्यापाशीच आली असती.

पण उभं राहणं मला कधी जमलंय? आत्ताही गाडीची किल्ली बोटात फिरतेच आहे.