भांडणाची भाषा

नवरा-बायकोने भांडावं कसं, हे साऱ्या रत्नागिरीत फक्त आमच्या शेजारच्या काका-काकूंना कळलं होतं, असं माझं ठाम मत आहे. बाकी आम्ही सगळे नुसते ओरडत होतो. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं, कौलांवर टीव्हीचे अँटेना उगवू लागले होते आणि मी नवी नोकरी, नवी बायको घेऊन त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं होतं. दोन घरांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. पहिल्याच रविवारी गडग्यापलीकडून काकूंचा चढा आवाज आला, "साकु! साकु!" त्यावर काका गरजले, "बेडा!" आणि मग, "बिसी नीरु!" मला वाटलं, पाहुण्यांची पंगत बसली आहे. माझी बायको कान देऊन म्हणाली, "पंगत कसली, भांडतायत!" खरंच ते भांडण होतं आणि कानडीत होतं. काका-काकू कानडी शिकत होते ते एसटी स्टँडजवळच्या उडपी हॉटेलातल्या आचाऱ्याकडून. त्यामुळे 'पुरे', 'नको' आणि 'गरम पाणी' यापलीकडे त्या घरातल्या रागाची मजल जात नव्हती.

काका मिरजोळ्याच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचे आणि काकू घराच्या पडवीत बालवाडी चालवायच्या. दोघांचा नियम एकच. भांडायचं ते नव्याने शिकत असलेल्या भाषेत. मराठी फक्त प्रेम, पाहुणे आणि मासळीबाजार यांच्यासाठी. एखाद्या भाषेत कोणी न अडखळता भांडण तडीस नेलं की ती भाषा आली असं समजायचं आणि दुसरी धरायची. हे खूळ कुठून आलं म्हणून मी एकदा विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "लग्न नवं होतं रे. मी हिला मराठीत एक वाक्य बोललो. एकच हो! ही संगमेश्वरास माहेरी गेली ती आंबे संपले, गणपती आले, तरी परत येईना." शेवटी काका आणायला गेले तेव्हा काकूंनी अट घातली होती, "तुमची मराठी फार धारेची आहे. भांडायला अशी भाषा घ्या, की शब्द शोधीपर्यंत राग निवला पाहिजे." ते वाक्य काय होतं, हे काकांनी सांगितलं नाही. आत काकू कपबश्या जरा जोरातच विसळत होत्या.

विषय मात्र त्यांना कधी नवा लागला नाही. काका अंघोळ करून आले की ओला पंचा काकूंच्या वेताच्या खुर्चीवर टाकत, आणि त्या पंच्यावर त्या घरात कैक भाषा पोसल्या गेल्या. उर्दूच्या वर्षी तर ऐकत राहावं. गल्लीच्या टोकाला राहणारे उर्दू शाळेतले मास्तर संध्याकाळी शिकवून जात आणि सकाळी काकू म्हणत, "जनाब, आपके पंचे ने हमारी कुर्सी को रुसवा किया है." त्या बेअब्रूबद्दल काका कपाळाला हात लावून सलाम करत, आणि मग दोघंही इतकं हसत की काकांची कारखान्याची बस चुके. संध्याकाळी झोपाळ्यावर एकाच पुस्तकावर दोघांची डोकी टेकलेली असत. काका उत्तर चुकले की काकू बालवाडीतल्या पोरांसारखा त्यांचा कान धरत, आणि मला दाट शंका आहे की काका मुद्दाम चुकत. मला त्यांचा हेवा वाटे. आम्ही दोघं तर तेव्हा अस्सल मराठीत भांडून दोन-दोन दिवस अबोला धरत होतो.

संस्कृत चालू असताना काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. परत येईल की नाही ते सांगता येत नाही, म्हणाले डॉक्टर. मग काकांनी काय काय केलं! उर्दूत आर्जवं केली, संस्कृतात स्तोत्रं म्हटली, आचाऱ्याला घरी आणून कानडीत बोलतं केलं. काकू खुर्चीत बसून नुसत्या बघत. तेव्हा काकांनी दुसरी वाट धरली. दूध उतू घालवलं, पेजेत दुप्पट मीठ टाकलं, चपला घालून स्वयंपाकघरात हिंडले. "शिव्या दे गो, पण बोल," असं ते काकूंना म्हणत, आणि गडग्यापाशी येऊन मला म्हणत, "नुसती माफ करते रे ती. मी काय करू?"

एका सकाळी मी आमच्याकडचे घावन द्यायला गेलो होतो. काकूंना पलंगावर बसवलं होतं. काका अंघोळ करून आले आणि त्यांनी काकूंच्या डोळ्यांदेखत पंचा वेताच्या खुर्चीवर टाकला. काकूंचे ओठ हलले. मान थरथरली. "पं... चा," त्या म्हणाल्या. आणि मग, लांबचा चढ चढून आल्यासारख्या दमून, "मेला... ओला पंचा... उचला तो!"

"मराठीत!" काका ओरडले. "अगो, नियम मोडलास!" आणि त्याच खुर्चीत, त्याच पंच्यावर मटकन बसून ते हुंदके देऊन रडू लागले. काकूंच्या तोंडाची चांगली बाजू हसत होती.

पुढे काकूंचं बोलणं आलं ते अर्धंमुर्धं. निम्मा शब्द, उरलेलं डाव्या हाताने. आम्हांला काही कळत नसे, काकांना बहुतेक कळे. "ही आमची शेवटची भाषा," ते म्हणत. "हिच्यात अजून भांडता येत नाही मला. म्हणजे शिकायची बाकी आहे." ती शिकणं चालू असतानाच, काही वर्षांनी, काकू गेल्या.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. काका झोपाळ्यावर एकटेच बसले होते. वेताच्या खुर्चीवर ओला पंचा पडला होता, खाली फरशीवर थेंब गळत होते. मी सवयीने तो उचलून दांडीवर टाकायला गेलो.

"राहू दे रे तिथंच," काका म्हणाले. "बोलेल ती."

मी पंचा होता तसा ठेवला आणि त्यांच्याशेजारी झोपाळ्यावर थोडा वेळ बसलो.