ट्रेसिंग पेपर मागायला शिकवणाऱ्या ताई

शकुंतलाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते लंडनमधल्या हाउन्सलोच्या लायब्ररीच्या दारात. तिथे त्या दर शनिवारी मोठ्या माणसांना गणित शिकवतात, असं आमच्या विहारातल्या नोटिशीत वाचलं होतं. आत जावं की परतीची बस धरावी, हे माझं ठरत नव्हतं.

माझी शाळा सातवीत सुटली. विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्यातच सगळी नोकरी सरली. सुपरवायझर व्हायला गणिताची जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, लागत होती. तिचा फॉर्म मी तीनदा घरी आणला आणि तीनदा कोराच ठेवला. रिटायर झाल्यावर धीर करून परीक्षेला बसलो, तर दोनदा नापास. आता एकदाच आणि शेवटचं, असं ठरवून आलो होतो.

ताई दारापाशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, दार लावा, गारठा येतोय. आणि आतल्या बाजूने लावा!"

असा मी त्यांचा विद्यार्थी झालो.

ताई मूळच्या नागपूरच्या. यजमान लीड्सला हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि ताई तिथल्या शाळेत गणित शिकवत. निवृत्तीनंतर लेकीजवळ इकडे आल्या आणि आराम करायचा सोडून आम्हा सात-आठ म्हाताऱ्यांना घेऊन बसल्या. त्यांचं शिकवणं तोंडापेक्षा हाताने जास्त. y = x² चा आलेख काढून झाला की कागद मधल्या उभ्या अक्षावर दुमडायचा आणि खिडकीच्या काचेला लावायचा. उजेडात दोन्ही बाजू एकमेकींवर बसल्या, की तो आलेख सममित.

माझा बसेना. उजवी बाजू वर गेलेली, डावी पार खाली.

"ताई, कागदच वाकडा आहे," मी म्हणालो. सगळे हसले. ताई हसल्या नाहीत.

"कागदाला कशाला बोल लावता? समीकरणाला विचारा. दोनचा वर्ग किती?"

"चार."

"उणे दोनचा?"

"तोही चार."

"म्हणजे x च्या जागी उणे x घातला तरी उत्तर तेच. मग डावी बाजू उजवीसारखीच यायला हवी. नाही आली, तर चूक तुमच्या तक्त्यात आहे. शोधा."

मला तासभर लागला. कॅल्क्युलेटरवर उणे दोनला कंस घातला नव्हता, म्हणून यंत्राने आधी दोनचा वर्ग केला आणि मग त्याला उणे लावलं. तेवढा वेळ ताई शेजारी बसून होत्या, पण आमच्या वहीला त्या स्वतःची पेन्सिल कधीही लावत नाहीत.

मला नवी काळजी लागली. परीक्षेत पेपर दुमडायचा कसा? ताई म्हणाल्या, "ट्रेसिंग पेपर मिळतो. पण मागावा लागतो." मग दर शनिवारी त्या माझ्याकडून हात वर करण्याचा सराव करून घेऊ लागल्या. माझी खरी अडचण त्यांनी ओळखली होती. लहानपणी कळलं नाही तरी मी कधी विचारलं नाही, आणि न विचारताच शाळा सुटली.

परीक्षेच्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, नापास झालात तर काय विमानं उडायची थांबणार आहेत?" तरी मी चार पेन्सिली घेतल्या आणि दोन बस आधी निघालो. ताई परीक्षा केंद्रासमोरच्या कॅफेत माझ्याही आधी येऊन बसल्या होत्या.

पेपरात y = x² − 3 आलं. तक्ता भरला, बिंदू मांडले आणि डावी बाजू पुन्हा खाली! हात टेबलावरून उचलेना. मग काचेपलीकडे कॅफेचं दार दिसलं, आणि हात वर गेला. पर्यवेक्षक बाईंनी लगेच ट्रेसिंग पेपर आणून दिला. इतकी वर्षं मी एवढ्याला घाबरत होतो! उजवी बाजू गिरवली, कागद उलटा केला. डावीशी जमेना. कंस! पाच मिनिटांत सगळं खोडून नीट केलं.

निकालाच्या दिवशी मी ताईंना फोन केला. "ताई, झालो!"

"काय झालात?"

"पास!"

"मग ओरडता कशाला? मी म्हातारी झालेय, बहिरी नाही." पण तो शब्द त्यांनी माझ्याकडून आणखी दोनदा म्हणवून घेतला. मी कितीतरी दिवसांनी त्या दिवशी पोटभर जेवलो.

ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त लिहिलेला हा लेख बरोबर जमला की नाही, याची मला धास्ती आहेच. पण एक मागायचं आहे. त्यांच्या आयुष्याचा आलेख पंचाहत्तराव्या वर्षावर दुमडावा आणि पलीकडची बाजू अलीकडच्या बाजूवर तंतोतंत बसावी. तेवढीच लांब, तेवढीच निरोगी. मागणं फार मोठं आहे, हे कळतं मला. पण ताई, हात मी वर केला आहे.