सोयरिकीची चौकशी

समाजशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी माहिती गोळा करायला मी मुंबईहून माझ्याच मुलखात, शिरूर कासारला आलो, तेव्हा निजामाचं राज्य होतं. लोक मला महसुलाचा माणूस समजून तोंड उघडणार नाहीत, अशी भीती माझ्या प्राध्यापकांनी घातली होती. झालं उलटंच. मी विचारायचो, आई कुठल्या गावची, लेकी कुठं दिल्या, विधवांची दुसरी लग्नं, म्हणजे पाट, लावता का. असले प्रश्न आमच्याकडे मुलगी बघायला निघालेला माणूसच विचारतो. त्यात मी बिनलग्नाचा.

घरोघरी घोंगडी अंथरली गेली, गूळ-शेंगा पुढं आल्या आणि प्रत्येकानं सांगितलं, "आमच्यात पाट लावत न्हाईत." तेच ते ऐकून मी कावलो आणि ज्याला त्याला शेजाऱ्याच्या घरचं विचारू लागलो. सोयरीक जमवणारेही असंच करतात, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. शेजाऱ्यांच्या घरात पाट भरपूर निघाले.

महिन्याभरानं एका म्हाताऱ्यानं मला बोलावून घेतलं. त्याची नात लग्नाची होती, आणि रीतीप्रमाणं त्यानं माझ्या गावी, कड्याला, माणूस धाडून चौकशी केली होती.

"समदं बरं हाय," तो म्हणाला, "पर तुमची आई पाटाची हाय. आमाला जमायचं न्हाई."

त्याच्या घरातला पाट मला त्याच्या शेजाऱ्यानं आधीच सांगितला होता. माझ्या घरातला मला कुणीच सांगितला नव्हता.

प्रबंध शिरूरवर आहे. त्यात कड्याचं एकच घर आहे.