इंगळावर टाकलेलं पिवळं पीठ

लातूर नवा जिल्हा झाला आणि थोड्याच दिवसांत पावसानं तोंड फिरवलं. कचेरी जवळ आली, पाऊस लांब गेला, असं आम्ही म्हणायचो. गावातली बायामाणसं रोजगार हमीच्या तळ्यावर माती उचलायला जायची आणि अंगणवाडीत लहान लेकरांना पिवळ्या पिठाची लापशी मिळायची. पीठ पोत्यात यायचं. त्यात ताकद मिसळलीय, असं तिथली बाई सांगायची.

ताकद मिसळतात कशी, हेच मला कळेना. मी दुसरीपर्यंत शिकलेला, पण पेरायच्या वेळी कधी कुणाच्या बापाला विचारलं नाही. ताकद दाण्यात असती. वरून कालवायची म्हणजे काय?

तेवढ्यात गावात बोलवा उठली, पिठात हाडाचा चुरा हाय. लोकांना पटलं, कारण हाडाचं खत सगळ्यांनी बघितलेलं. तेही पोत्यातच येतं, तेही पिवळट भुकटीच. आमचं घर लिंगायताचं, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. मी सुनेला सांगून टाकलं, "आपली पोरगी ते खाणार न्हाई."

नात तेव्हा नुकती चालायला लागलेली. आईचं दूध आटलेलं, चाऱ्यावाचून म्हैस आधीच विकलेली. कोरडी भाकरी पोरीला गिळवत नव्हती. तिच्या दंडापेक्षा माझा अंगठा जाड दिसायचा. सकाळी सुनेनं पोरीला कडेवर घेतलं आणि कामावर गेली.

माझ्या डोक्यातून मात्र ते पीठ जाईना. शेवटी अंगणवाडीत गेलो. बाईला म्हणालो, "मूठभर द्या."

"अप्पा, तुम्हाला खायचंय?"

"तपासायचंय."

"कशानं? चष्मा तर घरीच ठेवून आलात!"

मी धोतराच्या सोग्यात पीठ बांधलं आणि निघालो. शेजाऱ्याची लिंबाची बाग होती. त्याच्याकडून चिमूटभर हाडाचं खत घेतलं, तेही कागदावर, हात न लावता. चुलीतले दोन इंगळ अंगणात आणले. हाडूक विस्तवात लपत नाही, केस जळाल्यावाणी घाण सुटती. आधी खत टाकलं.

बायको आतून ओरडली, "अहो, अंगणात काय मेलंय?"

मग दुसऱ्या इंगळावर पीठ. मका भाजल्यावाणी वास आला आणि मागून करपलेल्या दुधाचा. दुधाचा! मी परत टाकून बघितलं. दूध पिठात कोरडं ठेवलं कसं, आणि ते नासत कसं नाही?

"हाडूक न्हाई," मी म्हणालो. "भाकरी थाप."

बायकोनं थापायला घेतली तर हातातच तुटली. "ह्याला चिकटपणाच न्हाई. हे कसलं पीठ!"

सुनेनं मुकाट्यानं पातेलं चढवलं, उरलेलं पीठ शिजवलं, गुळाचा खडा टाकला. मी वाटी गळ्यातल्या लिंगाला दाखवली आणि घास घेतला. भुसा खाल्ल्यासारखं वाटलं, पण गिळलं.

तेवढ्यात पोरगी लटपटत आली, वाटीपाशी बसली आणि तिनं तोंड उघडलं. लेकरू नवं काही आधी थुंकतं. हिनं वाटी चाटून काढली. मी सुनेकडं बघितलं. ती चुलीत फुंकर मारायला लागली. चूल तर धडधडत होती.

"कधीपास्नं?"

"कामावर जाता-जाता अंगणवाडीत, अप्पा. तुम्ही न्हाई म्हणलात त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं."

राग आला, खोटं कशाला लिहू. पोरगी रिकाम्या वाटीत बोट फिरवून ते चोखत होती.

"उद्या मी नेतो तिला," मी म्हणालो. "आणि मोठी वाटी दे."

सकाळी अंगणवाडीच्या दारात लेकरं घरी ठेवणाऱ्या दोन-तीन बाया थांबल्या होत्या.

"अप्पा, तुम्ही खाल्लं म्हणं?"

"खाल्लं. चव काही खास न्हाई. पण हाडूक न्हाई, मी जाळून बघितलंय."

"मग ती ताकद कुठाय त्यात?"

"तेच तर बाईला इचारायला आलोय," मी म्हणालो. पोरीला वाटीसकट रांगेत बसवलं आणि मीही शेजारी मांडी घातली.