सुनेची कॉफी

ये गं, अशी जवळ बस. तू अ‍ॅशबर्नला आणि मी इथे फ्रिस्कोत, तरी बस म्हणते, कारण तुला जरा बोलायचंय मला. भाची म्हणून लाडाची आहेस ते ठीक. पण काल फोनवर तूही तेच विचारलंस, "मावशी, वहिनी नक्की कोण गं? अरब की आफ्रिकन?" मुलाचं लग्न झाल्यापासून एकदाही आली नाहीस, आणि विचारलंस काय तर हे.

सुनेचे आईवडील सुदानचे. घरात अरबी बोलतात, रंगारूपाने आफ्रिकन, आजीच्या गावची बोली आणखी तिसरीच. ती स्वतः वाढली इथेच, टेक्ससमध्ये. तिला यात काही अवघड वाटत नाही, अवघड वाटतं ते लोकांना. अरबी किराणा दुकानात ही अरबीत बोलते, तो दुकानदार इंग्रजीत उत्तर देतो. वेण्या घालायला जाते तिथल्या काळ्या बायका म्हणतात, तू कुठली आमच्यातली, तू तर अरब. मी पिशवी धरून बाजूला उभी असते आणि माझंच डोकं भणभणतं.

तर संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आपल्याकडे. कुंकू लावू का, मी तिला आधीच विचारलं होतं. म्हणाली, "आई, अत्तर चालेल." आणि आपण होऊन म्हणाली, मी सगळ्यांना आमच्या पद्धतीची कॉफी देते. त्यांच्यात पाहुणा आला की त्याच्यासमोर कढलीत कॉफीच्या कच्च्या बिया भाजतात. मग ती गरम कढली प्रत्येकापुढे फिरवायची, धुराचा वास घ्यायला. नंतर आलं घालून कुटायच्या आणि मातीच्या सुरईत उकळायच्या. त्या सुरईला जबना म्हणतात. हिची तिच्या आजीकडून आलेली आहे. स्मोक अलार्म बोंबलू नये म्हणून माझ्या मुलाने थंडीत मागचं दार सताड उघडून ठेवलं.

ती कढली घेऊन आली, आणि आपल्या बायकांनी काय करावं? एकीने धुरावर हात फिरवून डोळ्यांना लावले. तिचं बघून सगळ्यांनी आरती घेतली. सून हसून हसून बेजार झाली. मीही हसले. किती छान चाललं होतं.

मग प्लेनोच्या त्या काकू, तिळाची वडी चघळत, तिच्या देखत मला विचारतात, "पण ही अरब की आफ्रिकन? दोन्ही कसं असेल?"

मी म्हटलं, "तुमचं माहेर नागपूर, सासर पुणं, घर प्लेनोत. तुम्हाला कोणी विचारतं का, कसं असेल म्हणून?"

"तसं नाही हो. मुलं झाली की ती काय सांगणार, म्हणून काळजी वाटते."

काळजी म्हणे. सून कढली घेऊन ओट्याकडे वळली. सगळ्यांना कॉफी दिली, कप गोळा केले, जबना धुतली आणि वरच्या कपाटात ठेवली. बायका गेल्यावर म्हणाली, "आई, बाहेर सगळे हेच विचारतात. घरी तरी नको."

तेव्हापासून ती जबना खाली आलेली नाही. मी म्हणते, आपल्या दोघींसाठी कर. ती म्हणते, पाहुणा नसताना कशाला, आणि मशीनची कॉफी माझ्यापुढे ठेवते. कोणी येणार म्हटलं की तिला नेमकं ऑफिसचं काम निघतं. मुलगा म्हणतो, सोड ना आई, होईल नीट. कसं होईल? माझ्याच घरात माझी सून पाहुण्यांना टाळते आणि मी नुसती चरफडत बसते. त्या काकूंशी मंडळात अजून धड बोलत नाही मी. ते बालिश आहे, माहीत आहे मला.

म्हणून तू ये. पोरांची शाळा, ऑफिस, तिकीट, सगळं ऐकून झालंय माझं. एका शनिवारी ये. आल्या आल्या तिला सांग, वहिनी, मला तुमच्या हातची कॉफी प्यायची आहे, आणि तिथेच ओट्यापाशी बस. दुसरं काही विचारू नकोस. कढली पुढे आली की नुसता वास घे. आरती घेतलीस तरी चालेल, ती हसेल. मागचं दार मी उघडून ठेवीन. लवकर ये.