गावानं केलेला डॉक्टर

सकाळी तासगावकडची एस.टी. सांगलीच्या स्टँडवर लागली की आम्ही मुलं ड्रायव्हरच्या बाजूला धावायचो. गावागावांतल्या आयांनी दिलेले डबे तिथं इंजिनाच्या उबेला पिशव्यांत ठेवलेले असत. कुणी पिशवीला रंगीत चिंधी बांधलेली, कुणी डब्यावर खिळ्यानं आडनाव कोरलेलं. माझ्या खोलीतल्या जोडीदाराच्या डब्यावर मात्र हिरव्या ऑइलपेंटनं एकच शब्द रंगवला होता: डॉक्टर.

तो डॉक्टर नव्हता. बारावीनंतर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत त्याला कमी गुण पडले होते आणि दुसऱ्यांदा बसण्यासाठी तो सांगलीत क्लासला आला होता. मी बी.एस्सी.ला होतो. माझं गाव कोरेगाव तालुक्यात, शाळा रहिमतपूरला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. शाळेतल्या सरांनी ओळखीनं ही खोली मिळवून दिली नसती तर मीही चढलो नसतो. माझा डबा इतक्या लांबून येणं शक्य नव्हतं, म्हणून त्याची आई त्याच्या डब्यात माझ्या दोन भाकरी जास्त घालायची. आमची तोवर गाठसुद्धा पडलेली नव्हती. त्या भाकरींवर माझं पदवीचं वर्ष गेलं, हे मी विसरलेलो नाही.

डॉक्टर हे नाव त्याला दहावीत पडलं. शाळेत सत्काराच्या वेळी पाहुण्यांनी विचारलं, मुलाला पुढं काय करणार? त्याच्या वडिलांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं, "डॉक्टर." बस्स. दुसऱ्या दिवसापासून दूधडेअरीवर, सोसायटीत, देवळापुढं तो डॉक्टर झाला. मिलिटरीतला थोरला भाऊ फोनवर "काय डॉक्टरसाब" म्हणायचा. घरातसुद्धा त्याचं खरं नाव बुजून गेलं. पहिल्या परीक्षेचा निकाल वाईट लागला तेव्हा गावात कुणी नावं ठेवली नाहीत, की कुणी हसलं नाही. "डॉक्टर तयारीला सांगलीत हायत," एवढंच लोक म्हणू लागले. टिंगल झाली असती तर बरं झालं असतं, असं तो एकदा मला म्हणाला होता. टिंगलीला उलटं बोलता येतं.

डब्याच्या पिशवीतून मग कागद येऊ लागले. कुणाचा रक्ताचा रिपोर्ट, कुणाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, कुणाची चिठ्ठी, 'गुडघा वाजतो, बघावे.' सुरुवातीला आम्ही पोट धरून हसायचो. त्याचे थोरले चुलते, ज्यांना सगळे तात्या म्हणत, दर दोन-चार दिवसांनी फोन करायचे.

"आवं डॉक्टर, ही गोळी जेवायच्या आदी का नंतर?"

"तात्या, मी अजून डॉक्टर न्हाई. तासगावात डॉक्टरांना इचारा की."

"त्यो लय घाईत असतोय रं. तू घरचा हायस. उद्या हुनारच हायस, मग आजच सांगाय काय हुतंय?"

"उद्या न्हवं, लय वर्सं हायत अजून."

"बरं, मग आदी का नंतर?"

फोन ठेवल्यावर तो गादीवर लोळून हसायचा. दिवाळीपर्यंत तो हसत होता.

दिवाळीनंतर क्लासात दर परीक्षेला बसायच्या जागा बदलू लागल्या. गुण जास्त त्याला पुढची ओळ, कमी त्याला मागची. तो पुढून तिसऱ्या ओळीत होता, तिथून मागं मागं सरकत गेला. गुणांचा मेसेज वडिलांच्या मोबाइलवर जायचा. मेसेज इंग्रजीत असल्यानं वडील तो गावातल्या दुकानात कुणाकडून तरी वाचून घ्यायचे, त्यामुळे त्याला किती पडले ते घरच्याआधी दुकानातल्या गिऱ्हाइकांना कळायचं. तरी हाक तीच होती.

त्याचं काय होतंय ते मला एकदम दिसलं नाही. आंघोळीनंतर बादलीत केस दिसायचे. बोटांची नखं त्यानं मुळापर्यंत कुरतडली होती. लिहिताना तळहाताला इतका घाम यायचा की तो वहीवर रुमाल ठेवून लिहायचा. पोट दुखतं म्हणून तो डब्यातलं बहुतेक मला द्यायचा आणि भांडं घासून, पुसून परत पाठवायचा. लख्ख डबा घरी पोचला की आई खूश व्हायची. मी कॉलेजला जाताना जे पान त्याच्या पुढ्यात असायचं, तेच मी परत आल्यावर असायचं.

"काय रं, पुढं सरकलाच न्हाईस," मी एकदा सहज म्हणालो.

"वाचतोय की. अक्षरं दिसत्यात. पण आत काय जात न्हाई, गड्या." हे त्यानं पाऊस नाही, ऊन नाही असं सांगावं तसं सांगितलं. मला ते ऐकून भीती वाटली, पण भीती कशाची ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मग तो नाही म्हणायचा थांबला.

दुपारची वेळ होती. मी कपडे वाळत घालत होतो. तात्यांचा फोन आला. आमच्या खोलीत रेंज नीट नसायची, म्हणून स्पीकर लावलेला.

"मग डॉक्टर, ती प्रेशरची गोळी बंदच ठिवू न्हवं?"

"ठेवा बंद," तो म्हणाला. आवाज शांत होता, अगदी दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या माणसासारखा.

"चक्कर येतीय मातर."

"येईल थोडे दिवस. जाईल."

फोन संपला. माझ्या हातातला ओला शर्ट तसाच राहिला.

"तू त्यांना गोळी बंद करायला सांगितलीस? कधी?"

"मागच्या आठवड्यात."

"का?"

"ते इचारत हुते बंद करू का. हो म्हटलं की फोन लवकर संपतो."

मी त्याला पुन्हा फोन लावायला सांगितलं. "सांगतो," म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. मी तासभर विनवलं, चिडलो. तो "सांगतो, सांगतो" म्हणत राहिला. शेवटी मी खाली उतरून त्याच्या आईला फोन केला. त्या तशाच तात्यांच्या घरी गेल्या आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"तात्या, मी त्याच्या खोलीतला. ती गोळी आजच चालू करा, त्यानं चुकून सांगितलंय."

"तुमी काय शिकताय?"

"बी.एस्सी."

"मग? डॉक्टरला सोडून आता कंपौंडरचं ऐकू व्हय?" पलीकडं दोघं-तिघं हसल्याचं ऐकू आलं.

आईनं फोन परत घेतला आणि त्या बाजूला गेल्या असाव्यात, कारण आवाज खाली आला. "बाळा, खरं सांग. त्यो जेवतोय का?"

"नाही," मी म्हणालो. "बऱ्याच दिवसांपासून नाही."

दुसऱ्या दिवशी एस.टी.तून डबा आला नाही. त्याची आई उतरली. मी त्यांना खोलीवर घेऊन आलो. दारातून त्यांनी मुलाकडं पाहिलं, जवळ बसून त्याचे हात उलटे करून नखं पाहिली. मग त्याला त्याच्या नावानं हाक मारली. त्यानं लगेच ओ दिली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली तेवढ्यात वडिलांचा फोन आला. तात्या द्राक्षबागेत पडले होते. त्यांना मिरजेला आणत होते.

आम्ही तिघं मिरजेला पोचलो तेव्हा तात्या कॉटवर होते. सलाइन चालू होतं, तोंड उजवीकडं ओढलेलं होतं, डावा हात चादरीवर ठेवल्यासारखा पडला होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी कुणी बंद केली? तो पुढं होऊन म्हणाला, "मी."

"तुम्ही कोण?"

गावाहून आलेल्यांपैकी एक जण मधे पडला, "आमच्या गावचं डॉक्टर हायत. शिकत्यात अजून. असू द्या सायेब, डॉक्टरचंबी चुकतंय कदीमदी."

कुणी त्याला दोष दिला नाही. एवढं होऊनही ते त्याला सोडायला तयार नव्हते.

बाहेर व्हरांड्यात वडील कुणाला तरी फोनवर सांगत होते, "आता बरं हाय. काळजी न्हाई, डॉक्टर जवळच बसलाय." तो उठला. मला वाटलं, पळून जाईल, मीही उठलो. तो वडिलांजवळ गेला, त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "मी डॉक्टर न्हाई. माझ्यामुळं तात्या पडल्यात. मला काय इचारू नका, मला काय येत न्हाई." पलीकडं कोण होतं कुणास ठाऊक. त्यानं फोन परत दिला आणि तिथंच फरशीवर बसून रडला. आई त्याच्याशेजारी बसली. वडील उभेच होते.

तो सांगलीला परत आला नाही. मिरजेतच त्याला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, झोपेची आणि मनाची औषधं सुरू झाली. परीक्षेला तो बसला नाही. तात्या काठी घेऊन चालू लागले, पण डाव्या हातात पूर्वीची ताकद आली नाही. पुढं त्यानं तासगावातच बी.ए.ला नाव घातलं. आता फोनवर तो मोकळं बोलतो, मधेच हसतोही. त्याच्या आईनं त्या दिवशी येऊन हात पाहिले नसते तर काय झालं असतं, याचा विचार मी टाळतो.

त्याचं सामान न्यायला आई-वडील दोघं आले होते. आई वर आली. आम्ही दोघांनी मिळून गादी गुंडाळली, कपडे पिशवीत भरले. "पुस्तकं राहू देत," त्या म्हणाल्या, "कुणाला लागतील त्याला दे." मी गादी खांद्यावर घेऊन जिना उतरू लागलो.

खाली अंगणात वडील खोलीच्या मालकीणबाईंशी बोलत होते. त्याची धाकटी बहीण त्या वर्षी नववीत होती.

"हुशार हाय," ते सांगत होते. "ह्याच्यापेक्षा लय हुशार. पोरींसाठी खोली हाय का तुमच्याकडं?"

मालकीणबाईंनी आहे म्हणून सांगितलं. माझ्या मागं जिन्यावर आईची पावलं थांबली.